नारखेडे, नथ्थू सोनजी : एका नोंदीची हकिकत

प्रबंधाच्या शेवटी जी पानं असतात आणि जी कोणीच वाचत नाही, त्या पानांवर मी घर बांधलं. त्यांना संदर्भसूची म्हणतात. या अंकाच्या संपादकांनी लेखासाठी फोन केला तेव्हा विचारलं, "म्हणजे तुम्ही टायपिस्ट होता ना?" मी नाही म्हटलं. "मग डीटीपीवाले?" तेही नाही म्हटलं. "मग नेमके कोण?" मी म्हटलं, लेख पाठवतो, त्यातून तुम्हीच ठरवा.

सुरुवात टायपिंगनंच झाली, हे खरं. जळगावात कोर्टाबाहेर टेबल टाकून बसायचो. साठेखत, भाडेकरार, प्रतिज्ञापत्र. पुढे कॉलेजच्या रस्त्याला एक गाळा मिळाला आणि गिऱ्हाईक बदललं. पक्षकारांच्या जागी प्राध्यापक आले. पक्षकार बरा, तो घासाघीस उघड करतो. प्राध्यापक आधी पाऊण तास विषय समजावून सांगतो आणि मग भाव पाडतो.

ज्यांचा या धंद्याशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. गावात कोणी म्हणालं की अमक्याच्या विहिरीला पाणी लागलं, तर ऐकणारा विचारतो, "तुला कोणी सांगितलं?" प्रबंधात असं विचारायची वेळ येऊ देत नाहीत. प्रत्येक विधानापाशी आकडा टाकून पानाखाली लिहायचं, हे अमक्याच्या तमक्या पुस्तकात, इतक्या पानावर आहे. ती तळटीप. आणि अशी वापरलेली सगळी पुस्तकं शेवटी लेखकांच्या आडनावाच्या क्रमानं लावायची. ती सूची. आडनाव, नाव, पुस्तक, गाव, प्रकाशक, वर्ष. ऐकायला सोपं आहे.

टाइपरायटरवर ते सोपं नव्हतं. एका पुस्तकाला एक कार्ड, अशी कार्डं करून मी सतरंजीवर मांडायचो आणि अ-आ-इ-ईच्या क्रमानं लावायचो. कार्डं उडू नयेत म्हणून पंखा बंद. जळगावच्या मे महिन्यात पंखा बंद करून बसणं म्हणजे काय ते जळगावकरांना सांगायला नको. सगळं लावून, टाइप करून झालं, की फैजपूरकडचे एक प्राचार्य होते, ते हमखास यायचे. "नारखेडे, एकच पुस्तक राहिलं. लेखक अत्रे." अत्रे म्हणजे अगदी वरती. म्हणजे पहिल्या पानापासून सगळं पुन्हा. मी एकदा चिडून म्हटलं, "सर, त्यांचं आडनाव क्षीरसागर असतं तर काय बिघडलं असतं?" ते शांतपणे म्हणाले, "क्षीरसागरांचंही एक राहिलंय."

दुसरे एक होते, त्यांचे साडूही प्रबंध लिहीत होते. त्यांना सूची साडूपेक्षा जाड हवी होती. कोणती पुस्तकं घालू म्हणून विचारलं तर म्हणाले, "तुमच्याकडे इतरांच्या पडल्या असतील ना?" माझं डोकं फिरलं. त्यांची फाइल मी रस्त्यावर ठेवून आलो. ते उचलून घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, कारण या कामाला तेव्हा जळगाव-धुळ्यात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. भाव वाढवून घेतला. राग आला की भाव वाढवायचा, हा माझा नियम होता आणि मला राग वारंवार यायचा.

पण त्यांचं ते वाक्य डोक्यात राहिलं. इतरांच्या पडल्या असतील ना. पडल्या होत्याच. तीच तीच पुस्तकं मी दर प्रबंधाला पुन्हा टाइप करत होतो.

नव्वद साली आमच्याकडे नवं विद्यापीठ झालं आणि पीएच.डी.ची लाट आली. त्याच सुमारास रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक नोकरी सोडून मुंबईला निघाले. त्यांचा कॉम्प्युटर मी घेतला. व्यवहार जवळपास तुटला होता. मी उठून दारापर्यंत गेलो आणि भाजीवर कोथिंबीर मागावी तसं म्हटलं, "त्या डब्यातल्या फ्लॉप्या वर द्या, मग घेतो."

"त्या घेऊन काय कराल? संदर्भांचा प्रोग्रॅम आहे तो. इंग्रजी पेपरांसाठी. त्याच्यात मराठी चालत नाही."

"मी चालवीन."

ते हसले आणि डबा दिला. उभ्या जन्मात मी केलेला सर्वांत चांगला सौदा तो.

हा प्रोग्रॅम म्हणजे माझी सतरंजी आणि कार्डंच होती, पण पंखा चालू ठेवून. एका पुस्तकाची माहिती एकदाच भरायची. लेखकाचा रकाना, पुस्तकाचा, गावाचा, प्रकाशकाचा, वर्षाचा. मजकुरात जिथं त्या पुस्तकाचा आधार घेतला तिथं खूण करायची. शेवटी एक कळ दाबली की खूण केलेली तेवढीच पुस्तकं क्रमानं लागून बाहेर येतात. गाईड म्हणाले वर्ष शेवटी नको, नावानंतर हवं, तर दुसरी पद्धत निवडायची आणि पुन्हा कळ दाबायची. भरलेलं पुस्तक कायम राहतं. पुढच्या प्रबंधात तेच पुस्तक आलं तर नुसती खूण करायची.

सोबतचं जाड इंग्रजी पुस्तक मी शब्दकोश घेऊन वाचलं. त्यात लिहिलं होतं, आधी एक नमुन्याची नोंद भरून पाहा. समोर एकही पुस्तक नव्हतं. लेखकाच्या रकान्यात मी बापाचं नाव घातलं. बाप असोद्याला शेत बघायचा आणि पंचक्रोशीतली विहिरींवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचा. शाळेत कधी गेला नाही. 'इंजनावर माह्याजवळ एक पुस्तक व्हईन' असं मात्र नेहमी म्हणायचा. म्हणून पुस्तकाच्या रकान्यात 'विहिरीवरचे इंजिन : निगा व दुरुस्ती' असं घातलं. गाव असोदा, प्रकाशक लेखक स्वतः, प्रकाशनवर्ष नाही. कळ दाबली. प्रिंटरनं घरघर करत छापलं :

नारखेडे, नथ्थू सोनजी. विहिरीवरचे इंजिन : निगा व दुरुस्ती. असोदा : लेखक, प्रकाशनवर्ष नाही.

यंत्र चालतंय याची खात्री झाली. ती नोंद मी काढली नाही. काढायचं कारण नव्हतं. कोणी खूण केल्याशिवाय ती कुठं छापली जाणार नव्हती.

मराठी चालवायला मात्र घाम निघाला. कॉम्प्युटरला मराठी येत नव्हती. पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसायचा आणि छापताना मराठी फॉन्ट लावला की त्याचं मराठी व्हायचं. क्रम लावताना तो त्या कचऱ्याचा लावायचा. पहिलीच सूची बाहेर आली तर निकम, शिंपी, हिवरकर, भिरूड हे सगळे एकाच ठिकाणी बसलेले, लग्नाच्या पंगतीला बसावेत तसे. पहिली वेलांटी आधी टाइप होते, म्हणून त्याच्या लेखी ते सगळे एकाच घरातले. यावर उपाय म्हणून मी प्रत्येक नोंदीला एक जादा रकाना केला आणि त्यात अ-आ-इ-ईच्या हिशेबानं क्रम घातला. हाताने, एकेका नोंदीला.

दुसरी अडचण खास आपल्याकडची. तो प्रोग्रॅम लेखकाचं आडनाव ठेवायचा आणि पुढच्या नावांची आद्याक्षरं करायचा. परदेशात तसं चालत असेल. खानदेशात सगळे पाटील, चौधरी आणि महाजन. सुरेश भास्कर पाटील, सोपान भागवत पाटील आणि साहेबराव भिका पाटील या तिघांना त्यानं एकच माणूस ठरवलं, आणि त्या एकाच माणसानं केळी, सहकार आणि संतसाहित्य अशा तिन्हींवर पुस्तकं लिहिली असं छापलं. तेव्हापासून माझा नियम झाला. आद्याक्षरं नाहीत. आडनाव, स्वतःचं नाव, बापाचं नाव, तिन्ही पूर्ण. गिऱ्हाइकानं लिहून आणलं नसेल तर मी विचारायचो, लायब्ररीत जाऊन बघून यायचो, धुळ्याला फोन करायचो. लोक म्हणायचे, नारखेडे वेडा आहे. पण माझ्या यादीतला पाटील दुसऱ्या पाटलात मिसळला नाही.

अशी ती यादी वाढत गेली. शेती, पाणी, केळी, कापूस, सहकार, आदिवासी, खानदेशावर जे जे कोणी लिहिलं ते. उन्हाळ्यात मी कूलरचं तोंड कॉम्प्युटरकडे करायचो. बायको म्हणायची, आम्हीही इथंच राहतो.

आता सरांकडे येतो. धुळ्याला अर्थशास्त्राचे एक नामांकित गाईड होते. त्यांचं नाव मी या लेखात लिहिणार नाही. त्यांनी माझं कुठं लिहिलं नाही, मी त्यांचं का लिहू? सर म्हणतो. सरांचे सगळे विद्यार्थी माझ्याकडे यायचे आणि सर त्यांच्या वतीनं फोनवर भाव पाडायचे. आमचं भांडण व्हायचं आणि काम चालायचं. एकदा मी कामानिमित्त धुळ्याला गेलो असताना ते म्हणाले,

"नारखेडे, तुमच्या कॉम्प्युटरवरची सगळी यादी विभागाला द्या. मुलांच्या उपयोगाची आहे."

"देतो. पण फुकट नाही."

"बोला किती ते."

"पैसे नकोत. यादी जिथं वापराल तिथं माझं नाव पाहिजे."

सर हसले. "तुम्ही धंदेवाली माणसं. नाव घेऊन काय करणार?"

"ते मी बघतो."

"बरं बाबा. नाव आलं समजा."

मी त्यांना सगळी यादी फ्लॉप्यांवर उतरवून दिली. कोर्टाबाहेर बसून मी हजार लोकांचे करारनामे टाइप केले होते. भावाभावांना मी सांगायचो, तोंडी ठेवू नका. आणि स्वतःचा करार तोंडी केला, कारण समोरचा माणूस डॉक्टरेट होता. याचा राग मला सरांपेक्षा स्वतःचा जास्त येतो.

वर्षभरानं पोस्टानं पत्रिका आली. खानदेशाच्या शेतीवरच्या संदर्भसूचीचं प्रकाशन, धुळे, कॉलेजचं सभागृह. संकलन आणि संपादन, सर. मला वाटलं, आत नाव असेल. इस्त्रीचा सफारी घातला आणि एस.टी.नं धुळ्याला गेलो. तिसऱ्या रांगेत जागा मिळाली.

पाहुणे म्हणाले, अशी सूची करायला आयुष्य घालवावं लागतं. टाळ्या पडल्या. तोपर्यंत पुस्तक माझ्या हातात आलं होतं. ऋणनिर्देश उघडला. सुविद्य पत्नी होती, प्राचार्य होते, ग्रंथपाल होते, मुद्रक होते, 'वेळोवेळी चहा देणारे विभागाचे शिपाई' होते. मी नव्हतो. पुन्हा वाचला. मग आतली पानं उलटली. सगळी माझीच. तिन्ही पाटील तीन जागी, पूर्ण नावांनी. निकम जिथल्या तिथं. माझा जादा रकाना सरांनी काढून टाकला होता, पण त्याचा क्रम तसाच होता.

रागावलेला माणूस स्वतःचं नाव शोधतो. मी 'न' काढला. आणि नारखेड्यांच्या जागी बाप भेटला. नथ्थू सोनजी. विहिरीवरचे इंजिन : निगा व दुरुस्ती. सरांनी खुणा केलेली यादी नव्हे, सगळीच्या सगळी यादी छापली होती, नमुन्याच्या नोंदीसकट. यादी माझी असल्याचा पुरावा त्यांनीच छापून दिला होता.

मला ओळखणारा कोणीही सांगेल की या ठिकाणी मी उठून उभं राहायला हवं होतं. मी उठलो नाही. मला माझं नाव हवं होतं. सरांची फजिती त्या वेळी दुय्यम होती. माल हातात असला की बाजारात ओरडायचं नसतं, भाव पडतो. कार्यक्रम संपल्यावर मी रांगेत उभा राहून सरांना नमस्कार केला.

"अरे नारखेडे. तुमचं नाव राहूनच गेलं हो. फार गडबड झाली. पुढच्या आवृत्तीत नक्की."

"चालेल, सर."

घरी येऊन शांत बसलो तर बायकोनं कपाळाला हात लावून पाहिला, ताप आहे की काय म्हणून.

संदर्भसूचीची दुसरी आवृत्ती निघत नसते, हे मला कळत होतं. मी संधीची वाट पाहत होतो. त्या मधल्या काळात बापाची कीर्ती वाढू लागली. सरांचं पुस्तक लायब्ऱ्यांत गेलं. ज्यांनी पुस्तकं पाहिली नव्हती ते त्यातून नावं उचलू लागले. एकाच्या सूचीत बाप आला, मग दुसऱ्याच्या. मी काही न बोलता टाइप करून दिलं. गिऱ्हाइकाचा मजकूर आहे तसा उतरवायचा असतो.

मग वंदना बोरसे आली. धुळ्याच्या कॉलेजात शिकवायची, सरांचीच विद्यार्थिनी. यावल-रावेरकडच्या केळीच्या बागा विहिरीच्या पाण्यावर कशा चालतात, डिझेल इंजिन परवडतं की विजेची मोटर, हा तिचा विषय. कॉलेजनं तिला सांगितलं होतं की पीएच.डी. झाली तर नोकरी पक्की, नाही तर पुढच्या वर्षी दुसरी बघा. ती हस्तलिखित वाचून दाखवायची आणि मी टाइप करायचो.

"तळटीप," ती म्हणाली. "नारखेडे, नथ्थू सोनजी. विहिरीवरचे इंजिन. पृष्ठ एक्केचाळीस."

आतापर्यंत बापाला कोणी पानाचा आकडा दिला नव्हता. मी थांबलो.

"एक्केचाळीसवर काय आहे?"

"तेच, वरचं विधान. मोटर स्वस्तात चालते, तरी वीज वेळेवर येत नाही म्हणून शेतकरी जुनं इंजिन विकत नाही."

"नारखेड्यांनी असं लिहिलंय?"

"हो."

"तुम्ही वाचलंय?"

"चाळलंय."

"कुठं?"

"आमच्या लायब्ररीत." मग ती जरा चिडली. "भाऊ, तुम्ही टायपिंग करता का तोंडी परीक्षा घेता?"

"मॅडम, बाहेर पाटीवर माझं आडनाव काय आहे?"

तिनं दाराकडे पाहिलं. पाटी आतून उलटी दिसत होती, पण तिला माहीत होतं.

"तुमचे कोणी?"

"वडील. त्यांना सहीसुद्धा येत नाही."

मी तिला सगळं सांगितलं. नमुन्याची नोंद, फ्लॉप्या, सरांचं पुस्तक. ती धुळ्याकडच्या खेड्यातली, घाबरली की अहिराणीत बोलायची. "मंग ते पुस्तक शेच नही?"

"नाही."

"व्हई गयं बठ्ठं." सगळं संपलं म्हणत ती खुर्चीत मागं टेकली. तिचे बाहेरचे परीक्षक सिंचनातले होते, आणि तोंडी परीक्षेत 'हे पुस्तक दाखवा' म्हणण्याबद्दल त्यांची ख्याती होती.

मी गप्प बसलो असतो तर माझं काम परस्पर झालं असतं. परीक्षकांनी पुस्तक मागितलं असतं, वंदनानं सरांच्या सूचीकडे बोट दाखवलं असतं, आणि भरल्या सभेत माझी यादी बोलली असती. फक्त मधे तिची नोकरी गेली असती. हे मला तेव्हाही दिसत होतं. तरी बोललो. चांगुलपणा वगैरे काही नाही. माझं हुकमाचं पान माझ्या हातानं टाकायचं होतं, दुसऱ्याच्या हातून नाही.

शिवाय एक गंमत होती. "मॅडम, पुस्तक नाही हे खरं," मी म्हटलं. "पण तुमच्या एक्केचाळीसव्या पानावर जे आहे ते म्हातारा रोज बोलतो. ऐकायचं असेल तर असोद्याची एस.टी. आहे."

बाप विहिरीवरच होता, इंजिनाचा पाना हातात. मी ओळख करून दिली. वंदनानं वही काढली आणि विचारलं, "आबा, मोटर असताना हे जुनं इंजिन का ठेवलं?"

"मोटर ठेयेल हाये ना. लाइन नसते. लाइन येईलोग काय केळीले थुका लावू?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "हे पोरगं सांगे का मी पुस्तक लिहेल हाये. काय लिहेल हाये मी?"

वंदना ओशाळली. मी म्हटलं, वाचा. तिनं स्वतःचीच ती ओळ वाचून दाखवली.

बापानं नीट ऐकलं. "बरोबर लिहेल हाये," तो म्हणाला. "अजून काय लिहेल हाये?"

त्या दिवशी तो दुपारभर बोलत होता. इंजिन आवाजावरून कसं ओळखायचं, कुणी कोणत्या साली मोटर बसवली आणि कुणी परत इंजिनावर आला. वंदनाची वही भरली. तिच्या प्रबंधातून पुस्तकाची नोंद गेली आणि तिथं 'मुलाखत, असोदा' आली. आडनाव, नाव, बापाचं नाव, पूर्ण.

हा बदल गाईडपासून लपणार नव्हता. सरांनी विचारलं, तिनं सांगितलं. आणि सर पहिल्यांदा माझ्या गाळ्यात आले. तोपर्यंत नेहमी मीच धुळ्याला जायचो.

"नारखेडे, तुम्ही मला फसवलंत."

"मी यादी दिली होती, सर. छापा म्हटलं नव्हतं."

ते बसले. चहा मागवला, त्यांनी घेतला नाही. "हे बघा. मी शुद्धिपत्र छापतो. लायब्ऱ्यांना पाठवतो. ती एक नोंद वगळावी असं लिहितो. आणि त्याच कागदावर तुमचं नाव घालतो."

"काय म्हणून?"

"संगणकीय साहाय्य, श्री. नारखेडे."

"संकलन लिहा."

"संकलन कसं लिहू? पुस्तकं मुलांनी शोधली. लायब्ऱ्या त्यांनी पालथ्या घातल्या. तुम्ही टाइप केलं."

त्यांचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं. म्हणूनच माझा पारा चढला. "मुलांच्या याद्या होत्या, सर. कोणाच्या चिठ्ठ्या, कोणाची एस.टी.ची तिकिटं. कोणाचा पाटील अर्धा, कोणाचं साल चुकलेलं. त्यांची एक यादी मी केली. आणि पुस्तकं मुलांनी शोधली असं म्हणता, तर तुमच्या नावापुढं संकलन कसं?"

"मी मार्गदर्शक आहे."

"मग मार्गदर्शन लिहा. संकलन मला द्या."

सरांनी पाटीकडे पाहिलं. "साहाय्यक संकलक," ते शेवटी म्हणाले.

हा चांगला भाव होता. आज कळतं. त्या माणसानं आयुष्यात कुणाला एवढं दिलं नसेल. पण समोरचा एक पायरी उतरला की तो आणखी उतरेल असं मला वाटतं, हा माझा धंद्यातला जुना रोग. मी म्हटलं, "साहाय्यक काढा."

सर उठले. "मग राहू द्या. तुमच्या वडिलांचं पुस्तक आहे तिथं राहू द्या. कोणी विचारलं तर मी सांगेन, दुर्मिळ आहे."

"सांगा," मी म्हटलं. "मीही तेच सांगेन."

ते गेले. दारातून ते मागं फिरतील असं मला वाटलं होतं, मी मागं बोलावीन असं त्यांना वाटलं असेल. दोघंही पक्के निघालो. शुद्धिपत्र छापलं गेलं नाही.

वंदनाची तोंडी परीक्षा झाली. बाहेरच्या परीक्षकांनी संदर्भसूची उघडलीच नाही. केळीला पाणी किती पाळ्यांनी देतात यावरच ते बोलत राहिले, म्हणाली. नोकरी पक्की झाली. ती पेढे आणि प्रबंधाची एक प्रत घेऊन आली. ऋणनिर्देशात माझं नाव होतं. माझ्या सगळ्या धंद्यात मला मिळालेलं ते पहिलं. 'अक्षरजुळणी व संदर्भांसाठी श्री. प्र. न. नारखेडे यांची आभारी आहे.' ते पान तिनं माझ्या हातून न जाता घरीच लिहून शेवटी जोडलं होतं, म्हणून नावाची आद्याक्षरं झाली होती. मी पेढा खाल्ला.

सर आता नाहीत. बापही नाही. प्रोग्रॅम चालायचा तो कॉम्प्युटर भंगारात गेला. नवे प्रोग्रॅम फुकट मिळतात, सगळं आपोआप करतात आणि सगळ्या पाटलांची पुन्हा आद्याक्षरं करतात. सरांचं पुस्तक मात्र अजून लायब्ऱ्यांत आहे. अधूनमधून कोणीतरी पोरगं मला गाठतं. आडनाव पाहून विचारतं, "आजोबा, तुमच्यापैकी कोणाचं 'विहिरीवरचे इंजिन' हे पुस्तक आहे का? झेरॉक्स मिळेल?" मी सांगतो, दुर्मिळ आहे. सरांना दिलेला शब्द पाळतो.

या लेखानं तो मोडला. सगळ्यांना एकदाच सांगतो, ते पुस्तक नाही, शोधू नका. आणि ज्या सूचीत ते सापडतं ती सूची माझी आहे. हे कुठंतरी छापून यायला हवं होतं, म्हणून लिहिलं.

कोणाला या लेखाचा संदर्भ द्यावासा वाटला तर जरूर द्या. फक्त आद्याक्षरं करू नका. नारखेडे, स्वल्पविराम, प्रल्हाद नथ्थू. माझं नाव पूर्ण लिहिलं की बाप त्यात येतोच, त्याला वेगळं पुस्तक लागत नाही.